कापून उरलेला हात

आमचा गुरुवार कात्रीचा असायचा. दुपारची भांडी आवरून होतात न होतात तोच लारू बॅग्नल आपली चाकांची पेटी खडखडवत माझ्या तळघराच्या पायऱ्या उतरायची, आणि तिच्या मागून आणखी दोघी-तिघी. चर्चमधून आणलेली दोन घडीची टेबलं मी आधीच मांडून ठेवलेली असत. मग पेट्या उघडायच्या. न पिवळणारे कागद, स्टिकरांची पाकिटं, साटिनच्या फिती, कागदातून फुलं-पानं पाडणारे ठसे आणि कात्र्या. साध्या, झालरीच्या, नागमोडी. चार वाजेपर्यंत जिभा आणि कात्र्या सारख्याच चालायच्या. निघताना प्रत्येकीच्या फोटोंच्या वहीत दोन नवी सजवलेली पानं असायची.

आमच्या इफ्रेम गावात कुठल्याही घरात शिरा, तळघरात वर्षभराचं धान्य आणि कपाटात कुटुंबाची वही सापडणारच. आमच्याकडे कुटुंब मरणापाशी थांबत नाही. मँटी गावच्या टेकडीवरच्या आमच्या चर्चच्या मंदिरात नवरा-बायको आणि आई-मूल एकमेकांना बांधले जातात ते कायमचे, मरणाच्या दारापलीकडेही. म्हणून वहीला आम्ही जपतो. ही हौस आहे खरी, पण हात धुऊन करायची हौस.

मी स्वतः बावीस वर्षं टर्कीच्या कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर उभी राहिले. मिनिटाला तीस पक्षी डोळ्यांसमोरून जायचे आणि एखाद्याच्या पंखाखाली नखाएवढा डाग असला तरी तो मी बाजूला काढत असे. हे सांगते ते एवढ्याचसाठी, की पुढे जे पाहिलं ते डोळ्यांची चूक म्हणून सोडून देणं मला जमलं नाही.

ती गोष्ट १९९९ सालच्या शरदातली. माझी नात ब्रिंडी आठ वर्षांची होत होती. आठव्या वर्षी आमच्याकडे मूल स्वतःच्या तोंडाने देवाला हो म्हणतं. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिचा बाप्तिस्मा ठरला होता. चाळीस निमंत्रणपत्रिका मी हाताने केल्या, प्रत्येकीवर कागदी कबुतर, चोचीत खरी फीत. आणि तिच्यासाठी एक वही करायला घेतली. जन्मापासून आजपर्यंत.

अडचण एकच होती. पहिल्या चार-साडेचार वर्षांच्या फोटोंत तिची आई होती.

लिनेट तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक सुटकेस घेऊन नेव्हाडातल्या एल्कोला निघून गेली. माझ्या मुलाला, डेलला सोडलं, चर्चही सोडलं. जागा मिळाली की मुलीला न्यायला येते, असं जाताना म्हणाली होती. डेल दुधाचा टँकर चालवतो, चार-चार दिवस बाहेर असतो. मूल माझ्याच पदरात वाढलं. लिनेट दर रविवारी संध्याकाळी पाचला फोन करायची. तो मी उचलायचे. ब्रिंडी झोपलीय. ब्रिंडी शेजारी गेलीय. ब्रिंडीला सर्दी आहे, घसा बसलाय. आवाज न चढवता ती म्हणायची, "बरं, पुढच्या रविवारी करते." गेल्या फेब्रुवारीत फोन यायचे थांबले. मी देवाचे आभार मानले. हे लिहायला नको वाटतं, पण मानले.

त्या गुरुवारी मी फोटो काढून टेबलावर पसरले तेव्हा लारूने चष्म्यावरून पाहिलं.

"व्हर्ला, मूळ फोटो कापतेस? आधी प्रत तरी काढून घे."

"निगेटिव्ह ती घेऊन गेली."

"मग तर मुळीच कापू नकोस. पोरीशी बांधलेली आहे ती, मँटीला. मी होते की तिथे. रडून रडून नाक लाल झालं होतं तिचं."

"बांधलेली होती तर राहायचं होतं."

"सासूबाई," लारू मला चिडवत म्हणाली, "हे वाक्य तेवढं वहीत लिहू नका म्हणजे झालं."

बाकीच्या हसल्या. मी नागमोडी कात्री उचलली.

कापाकापी करणाऱ्या प्रत्येकीला एक गोष्ट ठाऊक असते. माणूस कापून काढता येतं, पण त्याने शेजारच्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढता येत नाही. तो कापायचा तर खांदाच कापावा लागतो. लिनेटला मुलीला जवळ घेऊन उभं राहायची सवय. एकोणीस फोटो कापून झाले तेव्हा एकोणीस ब्रिंडी माझ्यापुढे होत्या आणि प्रत्येकीच्या उजव्या खांद्यावर, मागून आलेली, चार बोटं. मी सूर्यफुलांच्या स्टिकरांचं पाकीट फोडलं आणि बोटांवर एकेक फूल चिकटवलं.

"अगं बाई," लारू म्हणाली, "पोरीच्या खांद्यावर शेत उगवलंय की."

कात्रणं पावाच्या रिकाम्या पिशवीत भरून मी केराच्या डब्याकडे निघाले, तर तिने माझं मनगट धरलं.

"फेकू नकोस. बांधलेल्या माणसाचा चेहरा कचऱ्यात टाकायचा नसतो."

"हे कुठल्या ग्रंथात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही. माझी आजी म्हणायची."

वाद नको म्हणून मी पिशवी पीचच्या बरण्यांमागे ठेवून दिली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गावाबाहेर भोपळ्यांच्या शेतात गेलो. ब्रिंडीला नुकताच घेतलेला जांभळा कॉर्डरॉयचा कोट घातला होता. गवताच्या गठ्ठ्यांची भिंत होती, तिला चिकटून तिला उभं केलं आणि मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फोटो धुऊन आणले आणि ओट्यापाशी उभी राहून पाहू लागले.

तिच्या उजव्या खांद्यावर चार बोटं होती.

मी शांतपणे विचार केला. शेजारी दुसरी कुणी बाई उभी असेल. पण शेजारी कुणी नव्हतं, आणि मागे गठ्ठ्यांच्या आणि तिच्या पाठीच्या मधून सुरीही गेली नसती. दोन चित्रं एकावर एक उमटली असतील. मी निगेटिव्ह खिडकीशी धरून भिंगातून पाहिली. बोटं तिथेही होती. करंगळी शेवटच्या पेरापाशी बाहेर वळलेली. आमच्या जुन्या गाडीच्या दारात सापडून लिनेटची करंगळी तशी झाली होती. दार मीच लावलं होतं, नकळत. तिला दवाखान्यात नेईपर्यंत मी रडले होते, ती नाही.

मी एल्कोचा नंबर फिरवला. हा नंबर आता वापरात नाही, असं एक बाई दोनदा म्हणाली.

मग मी वही काढली. पहिल्या पानावरच्या सूर्यफुलाची कड नखाने उचलली. आमच्याकडचा गोंद सहजी सुटत नाही, पण ते फूल सुकलेल्या पानासारखं निघून आलं. खाली ब्रिंडीचा लहानपणीचा स्वेटर होता, विणीचा टाका न् टाका स्पष्ट. हात नव्हता. दुसरं फूल काढलं. तिसरं. सहा फुलं काढली आणि थांबले. सहाही खांदे मोकळे होते.

ती रात्र मी प्रार्थनेत काढली असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर मी शब्दच जुळवू शकले नाही. देवापुढे उभं राहायचं तर आधी काय केलं ते सांगावं लागतं.

त्या रविवारी चर्चच्या सभेत ब्रदर ऑरव्हल नटल यांना बोलायला उभं केलं होतं. ऐंशीच्या पुढचा, मेंढपाळ माणूस. बोलता बोलता त्यांचा आवाज कधी सुरात जातो ते त्यांनाही कळत नाही. बिशपने दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा नाद सोडला. ऑरव्हल गायला लागले की मी सगळं विसरते. लहानपणापासून मला तसंच ऐकायला आवडतं. उपदेश सुरातून आला की थेट आत उतरतो, मध्ये डोक्याशी थांबत नाही. त्या दिवशी ते हरवलेल्या मेंढीबद्दल बोलत होते, आणि मग टेबलाची कड धरून, डोळे मिटून:

"कुणी पुसलं, कुणी फाडलं,
कुणी कापून बाजूला सारलं,
त्याच्या वहीत नाव ज्याचं
त्याला त्याने जागी ठेवलं."

लारूने रुमाल काढला. मी ब्रिंडीकडे पाहिलं. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती आणि आपल्या उजव्या खांद्याकडे किंचित कललेली होती, जसं मूल डुलकी लागताना कुणावर तरी रेलतं. तिच्या उजवीकडे बाकावर कुणी नव्हतं.

घरी आल्यावर तिचा कोट टांगायला घेतला. कॉर्डरॉयची लव एका दिशेने बसते, उलट हात फिरवला तर रंग बदलतो. उजव्या खांद्यावर लव दबलेली होती. चार पट्टे. मी ब्रशने घासून ते सरळ केले. सोमवारी शाळेतून आली तेव्हा ते परत होते.

"ब्रिंडी, शाळेत कुणी खांदा धरतं का तुझा?"

"नाही."

"मग कोटावर हे काय?"

तिने कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धुवू नकोस हं आजी," ती म्हणाली, आणि खेळायला गेली.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेत सोंगांची मिरवणूक होती. ब्रिंडी मधमाशी झाली होती. थंडी म्हणून पट्ट्यांच्या अंगरख्यावर कोट चढवलेला, त्यावर पंख बांधलेले. भर दुपार होती, लख्ख ऊन. मी तिचे पाठोपाठ तीन फोटो काढले आणि तिन्ही वेळा तिला बरोबर मध्यावर धरलं. पट्ट्यावरच्या बावीस वर्षांत माझी नजर कधी चुकली नव्हती.

फोटो आले.

पहिल्यात हात खांद्यावर होता. दुसऱ्यात कोपरावर. तिसऱ्यात मनगटाला धरलेलं, आणि कोटाची बाही ताणली गेलेली.

पहिल्यात ब्रिंडी मध्यावर होती. दुसऱ्यात हाताच्या दिशेने कडेला सरकलेली. तिसऱ्यात अर्धीच होती. एक पंख, एक गाल, एक डोळा. हसत होती.

आणि त्या तिसऱ्या फोटोची त्या बाजूची कड सरळ नव्हती. नागमोडी होती.

मी पीचच्या बरण्या बाजूला केल्या. पिशवी तिथेच होती. कात्रणं टेबलावर ओतली आणि एकेक सुलटं केलं. एकोणीस लिनेट. कापले तेव्हा प्रत्येकीचा एक हात कोपरापाशी कडेवर संपत होता, हे मला पक्कं आठवत होतं. आता संपत नव्हता. हात दुमडून छातीशी घेतलेले होते, मुठी मिटलेल्या. पाच वर्षांपूर्वीच्या एका फोटोत, नाताळच्या झाडाशेजारी उभ्या लिनेटच्या मुठीतून काहीतरी डोकावत होतं. मी भिंग लावलं.

जांभळ्या कॉर्डरॉयचा तुकडा.

ज्या बाईला कात्री चालवता येते तिला गोंदही लावता येतो. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी ब्रिंडी शाळेत असताना मी दार लावून बसले आणि लिनेटला परत जागेवर चिकटवलं. नागमोडी कड एकाच ठिकाणी बसते, दुसरीकडे बसतच नाही. एकोणीसही कडा जुळल्या. चित्र मात्र एकही जुळलं नाही. प्रत्येक फोटोत आई मुलीशेजारी उभी होती, मूठ छातीशी, आणि मुलीला स्पर्श करत नव्हती.

लारू केकचा साचा मागायला आली तेव्हा मी वही मिटायला विसरले होते. तिने दोन पानं उलटली.

"चिकटवलीस होय. बरं केलंस." मग वाकून बघत म्हणाली, "ही अशी उभी होती? मला नाही आठवत. हिचा हात कायम पोरीवर असायचा."

"चिकटवलं ना आता. झालं."

"फोटो झाले," लारू म्हणाली. "बाकीचं काय ते तुझं तुला माहीत." तिला रविवारच्या फोनांचं कळलं होतं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही चर्चच्या मोठ्या इमारतीत जमलो. बाप्तिस्म्याच्या कुंडाचं दार उघडलं होतं. लहान मुलं पुढे सतरंजीवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. बाहेरच्या खोलीतून चीज घातलेल्या बटाट्यांचा वास येत होता. डेल आणि ब्रिंडी पांढऱ्या कपड्यांत, हात धरून पायऱ्या उतरून पाण्यात गेले. कुंडाच्या दोन बाजूंना दोन साक्षीदार उभे राहिले, एकीकडे ऑरव्हल नटल, दुसरीकडे लारूचा नवरा फेरिन. साक्षीदाराचं काम एवढंच, मूल पुरतं बुडालं की नाही हे पाहायचं. केसाची बट, पायाचा अंगठा, झग्याची कड, काहीही पाण्यावर राहिलं तर पुन्हा करायचं.

डेलने हात वर केला, प्रार्थना म्हटली आणि तिला पाण्यात निजवलं. पाणी मिटलं. ती वर आली, नाकातोंडातलं पाणी उडवत.

ऑरव्हलनी मान हलवली. "पुन्हा."

सतरंजीवर खसखस पिकली. होतं असं. डेलने तिची वेणी झग्यात खोचली, पुन्हा प्रार्थना म्हटली, पुन्हा निजवलं. या वेळी जास्त खोल.

ऑरव्हलनी फेरिनकडे पाहिलं. फेरिनने मान खाली घातली.

"आता काय राहिलं वर?" डेल म्हणाला.

"हात."

"तिचे दोन्ही हात मी धरलेत, ब्रदर नटल."

"तेच म्हणतोय मी," ऑरव्हल म्हणाले. हळू, सुरावाचून.

 ब्रिंडीचे दात वाजत होते. ती बापाकडे बघत नव्हती, लोकांकडे नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी उठले. खुर्च्यांमधून, सतरंजीवरच्या मुलांमधून वाट काढत कुंडाच्या कठड्यापाशी गेले आणि गुडघे टेकले. फरशी ओली होती.

"ब्रिंडी," मी म्हटलं, "तुझी आई दर रविवारी फोन करायची. तुझ्याशी बोलायला. मी तुला दिला नाही."

मी कठडा धरला.

"ती तुला न्यायला येणार होती. तू जाशील म्हणून मी दिला नाही."

"आई," डेल म्हणाला.

ब्रिंडीने नाकावरचं पाणी पुसलं. "मला हवा होता," ती म्हणाली.

"हो."

"आता करेल ती?"

"मला माहीत नाही गं. नंबर लागत नाही. मी पुन्हा शोधीन."

तिने थोडा विचार केला. मग मान डोलावली आणि बापाचं मनगट धरलं.

तिसऱ्यांदा प्रार्थना म्हणताना डेलचा आवाज फाटला. तिला निजवलं. पाणी तिच्यावरून मिटलं, काचेसारखं सपाट झालं. ऑरव्हल वाकून पाहत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. पलीकडे फेरिननेही.

मागे कुणीतरी भजन सुरू केलं, आणि मी रडले. माझ्या देवाने मला इतक्या स्वस्तात सोडलं असं वाटून रडले.

कपडे बदलायच्या खोलीत मी टॉवेल पसरून उभी होते. ब्रिंडी पायऱ्या चढून आली. केसांतून, बाह्यांतून, झग्याच्या कडेतून पाणी निथळत होतं, पायांखाली डबकं साचत होतं. पांढरं कापड अंगाला चिकटून करडं दिसत होतं.

उजव्या खांद्यावर मात्र कापड कोरडं होतं. इस्त्री करून आत्ताच घडी मोडल्यासारखं, पांढरंशुभ्र. एक तळवा, चार बोटं. शेवटचं बोट बाहेर वळलेलं.

मी टॉवेल खाली ठेवला. ते झाकावं म्हणून, की पुसावं म्हणून, माझं मलाच कळलं नाही, मी त्यावर माझा हात ठेवायला गेले. बोटं टेकण्याआधीच ऊब लागली.

ब्रिंडी मागे सरली नाही. नुसतं वर पाहून, समजावल्यासारखं म्हणाली,

"तिथे नको, आजी. तिथे जागा नाहीये."